लाख घरं, उघडी लाइन

५ जानेवारी

आज साहेबांशी कडाक्याचं भांडण झालं. नवी वही भांडणाने सुरू व्हावी, हे माझ्या स्वभावाला धरूनच आहे.

निदान वहीत तरी सगळं नीट मांडते, कारण कचेरीत मला कुणी वाक्य पुरं करू देत नाही. आमची डबी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी आहे. घरात भिंतीवर डबी, गळ्यात बटण, बटणावर इवलासा दिवा. बटण दाबलं की आमच्याकडे फोनवर बसणारी हॅलोबाई बोलते आणि शेजाऱ्याला नाहीतर रुग्णवाहिकेला धाडते. पण खरी करामत बटण दाबण्याआधीची आहे. लाइन दिवसरात्र उघडीच असते. डबी दर काही सेकंदांनी आमच्या सर्व्हरला विचारते, "आहेस का?" सर्व्हर म्हणतो, "आहे." दिवा हिरवा. उत्तर आलं नाही तर दिवा लाल. हा सर्व्हर मी लिहिलाय, एकटीने, आणि त्याला कुणी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं.

आज टायवाल्याने नावं ठेवली. तो मोठ्या कंपनीचा माणूस. आरोग्य खात्याला आता लाख घरांत डब्या बसवायच्या आहेत आणि आमचा सर्व्हर सहा हजारांतच धापा टाकतो, हे त्याला कुणीतरी पढवलेलं होतं. त्याचं म्हणणं, लाइन उघडी ठेवायचीच कशाला? त्यांची डबी पाव तासातून एकदा विचारपूस करते आणि फोन ठेवते. सर्व्हरवर ताण नाही, सगळे सुखी. साहेब मान हलवत होते.

मी म्हटलं, लाखच्या लाख लाइनी उघड्या ठेवून दाखवते. एका मशीनवर. खात्याच्या समितीसमोर.

"मॅडम, हे हट्टाने होत नसतं," साहेब म्हणाले.

"कशाने होतं ते सांगा. तेही करते."

वीस फेब्रुवारीला चाचणी ठरली.

हट्टामागे आत्या आहे. लपवत नाही. माझी आत्या एक्याऐंशी वर्षांची, तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. तिचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ दादा, तिला आपल्याकडे न्यायला टपलेला आहे. तिने आणि मी मिळून त्याच्याकडून कबूल करून घेतलंय, की लाइन चोवीस तास चालू आहे तोवर ती आपल्या घरात राहील. पाव तासाची डबी आली की दादा गाडी घेऊन हजर. आत्याचं घर जाणार, इतकं साधं आहे.

९ जानेवारी

आत्याकडे जाऊन आले. बाई जोरात आहे. आयुष्यभर कपडे शिवून देण्याचं दुकान चालवलं, त्यामुळे माणसाकडे बघायच्या आधी त्याच्या शिवणीकडे बघते. मला दारातच म्हणाली, "ठमे, हा सदरा कुणी शिवला? त्याला तुरुंगात टाका."

घरात बरीच हलवाहलव केलीय तिने. वरच्या फळीवरची भांडी सगळी खाली, ओट्यावर. शिलाई मशीन खिडकीजवळून उचलून पलंगाला खेटून ठेवलंय. आणि चालताना भिंतीवरून हात फिरवत चालते. मी विचारलं तर म्हणे, रंग द्यायचा विचार आहे, भिंत कुठे उखडलीय ते बघते. एक्याऐंशीव्या वर्षी घर रंगवायला काढणारी बाई! मी पोट धरून हसले.

१३ जानेवारी

जुना सर्व्हर मोडीत काढायचं ठरवलं; नवा तयार होईपर्यंत खरी घरं त्याच्यावरच. तो असा चालायचा, की प्रत्येक घरासाठी आत एक वेगळा कामकरी. घर काही बोलत नसलं तरी कामकरी आपला दाराशी बसून. सहा हजार घरं म्हणजे सहा हजार बसलेले कामकरी, त्यांना जागा द्या, त्यांची आळीपाळीने दखल घ्या. मशीनचा सगळा जीव त्यातच जायचा.

नव्यात मोजके चारच. कुणाच्या दाराशी कुणी बसायचं नाही. ज्या घरातून हाक येईल तेवढंच घर मशीन त्यांना सांगणार, ते पटकन उत्तर देऊन मोकळे. बाकीची शांत घरं फुकट उघडी. हे मी फार पूर्वीच करायला हवं होतं, असं मिशी म्हणतो. मिशी म्हणजे आमचे वायरी, डब्या आणि चाचणीची मशीनं बघणारे गृहस्थ. मिश्या अशा, की बोलताना ओठ दिसत नाहीत. मी त्याला म्हटलं, पूर्वी तू कुठे होतास? तो म्हणाला, "इथेच होतो, ताई. तुम्ही ऐकत नव्हता."

१९ जानेवारी

हजाराच्या थोडं पुढे गेलं की नवा सर्व्हर नव्या घराला दार उघडत नाही. सपाट नकार. जुना तरी सहा हजार पेलत होता! दिवसभर माझ्याच लिखाणाची साल काढली. मेमरी रिकामी, कामकरी माशा मारतायत, तरी नाही म्हणजे नाही.

शेवटी कळलं, मशीनच्याच सेटिंगमध्ये एका ओळीत लिहिलेलं होतं, की एका प्रोग्रामने एवढ्याच गोष्टी एका वेळी उघडायच्या. जुन्या मशीनवर मीच ती ओळ कधीतरी वाढवली होती आणि विसरून गेले होते. आकडा वाढवला, गाडी चालू.

हॅलोबाई जेवताना म्हणाली, "तुमच्या आत्यांनी आज परत बटण दाबलं."

"काय झालं?"

"टेस्टिंग म्हणाल्या," ती म्हणाली आणि डब्यात बघायला लागली.

मला इतकं बरं वाटलं. आमच्या घराण्यात माझ्या कामाची कसून तपासणी करणारं कुणीतरी आहे.

२५ जानेवारी

साठ हजारांच्या आसपास येऊन परत अडकलो. आज मी सर्व्हरला चक्क शिव्या दिल्या, आणि दोष निघाला खोट्या घरांचा. लाख खरी घरं कुठून आणणार? म्हणून मिशी एका मशीनवरून हजारो खोट्या डब्या सोडतो. पण एका मशीनमधून एकाच ठिकाणी जायला वाटा ठरावीकच, त्या संपल्या. सर्व्हर बिचारा वाट बघत उभा होता आणि पाहुणेच घरातून निघू शकत नव्हते. मिशीने आणखी दोन मशीनं जोडली.

तेवढ्यात त्याने विषय काढलाच. "ताई, सर्व्हरचं पण दुसरं मशीन ठेवू या. एक पडलं तर दुसरं उभं."

"म्हणजे टायवाल्याला सांगायचं, की एकावर भरवसा नाही?"

"टायवाल्याला नाही हो. घरांना."

मी नाही म्हटलं. एकावर म्हणाले, म्हणजे एकावर. याला आतून फितवलंय का कुणी, अशी शंका येतेय.

२८ जानेवारी

आत्याच्या मनगटाला पट्टी. कपाटाचं दार लागलं म्हणे. कपाटाचं दार मी हलवून बघितलं, चांगलं आहे. बिजागरीला तेल घातलं तरी.

तिने विचारलं, "ठमे, बटण दाबलं की तुला कळतं का गं? की फक्त त्या बाईला?"

"मला कशाला? हॅलोबाई सांगते ना."

"सांगते होय," ती म्हणाली आणि दोरा ओवत बसली. तीनदा हुकला, मग सुई माझ्याकडे दिली.

१ फेब्रुवारी, रविवार

लाख झाले! दुपारी, सगळी कचेरी रिकामी असताना. पडद्यावरचा आकडा चढत गेला आणि मी खुर्चीवर उभी राहून ओरडले. सहा हजार खरी घरं आणि बाकी मिशीची खोटी, सगळी एका मशीनवर उघडी, आणि मशीन गार. मिशी खरी घरं यात नको म्हणत होता. ती जुन्या सर्व्हरवर राहू द्या म्हणे. मी म्हटलं, खऱ्या घरांशिवाय परीक्षा कसली? ऐकलं नाही त्याचं.

मग माशी शिंकली. एक बारीक दुरुस्ती घालायची म्हणून मी सर्व्हर बंद करून चालू केला. क्षणाचं काम. पण लाइन तुटली की डबीने दहा सेकंद थांबून परत यायचं, असं मीच डबीत लिहिलेलं. दहा सेकंद, प्रत्येकीने. मग काय, लाखच्या लाख एकदम दारात. दार तुंबलं, कुणीच आत नाही. सगळ्या परत फिरल्या, दहा सेकंद थांबल्या आणि परत लाखच्या लाख एकदम. पुन्हा तेच, पुन्हा तेच. मी आकडे बदलतेय, सर्व्हर उठवतेय, तो उठतोय आणि चेंगरतोय. तासाहून जास्त गेला असेल. शेवटी मिशीने मला न विचारता खोट्या घरांच्या मशीनांच्या केबली उपटल्या, तेव्हा खरी सहा हजार आली.

मी त्याच्यावर ओरडले, की मला कारण सापडतच होतं. तो एवढंच म्हणाला, "ताई, त्या सहा हजारांत माणसं आहेत."

मला काय शिकवतो हा! माणसांसाठीच चाललंय ना सगळं?

३ फेब्रुवारी

आत्या फुरंगटलीय. "रविवारी तुझी लाइन बंद होती गं."

"चाचणी होती, आत्या. थोडा वेळच."

"थोडा वेळ," ती म्हणाली. पलंगावरून उठलीच नाही. थंडी बाधलीय, अंग दुखतंय म्हणे. पूर्वी तापात दुकान उघडायची ही बाई. वयाने माणूस चिडचिडं होतं, दुसरं काय. चहा मी केला, तर साखर कमी म्हणून त्यालाही नावं ठेवली.

८ फेब्रुवारी

उपाय साधा निघाला. लाइन तुटली की सगळ्यांनी एकाच वेळी परत यायचं नाही. प्रत्येक डबीने मनाला येईल तेवढं थांबायचं, कुणी दोन सेकंद, कुणी चाळीस, कुणी दीड मिनिट. आणि परत हुकलं तर आणखी जास्त. दारात रांगही लागत नाही, चेंगराचेंगरीही नाही. आज खऱ्या डब्यांना ही सुधारणा पाठवली, आणि खोट्या घरांचा सर्व्हर या वेळी वेगळा ठेवला. मिशीच्या म्हणण्याखातर नव्हे, मला तसं सोयीचं पडलं म्हणून.

सर्व्हर वीस वेळा पाडला. वीसही वेळा लाखच्या लाख हळूहळू, शहाण्यासारख्या परत आल्या. ये म्हणावं आता टायवाल्या.

१६ फेब्रुवारी

साहेब म्हणतात, समितीचा कल तिकडेच आहे, मनाची तयारी ठेवा. माझ्या मनाची तयारी भांडायची आहे.

दादाचा फोन. "आईचा आवाज बरा वाटत नाही." मी म्हटलं, परवापरवा तर मला चहावरून झाडलं तिने. उगाच घाई करू नकोस, वीस तारखेला ये आणि बघ. आत्यालाही आण. तिला बघू दे, कुणाच्या भाचीने काय केलंय ते.

२० फेब्रुवारी

आज सगळं लिहिणार.

सभागृहात समितीचे पाच जण, मध्ये अध्यक्षबाई. त्या डॉक्टर आहेत, तोंडावर रेषा हलत नाही. मागच्या रांगेत दादा आणि आत्या. आत्या दादाच्या दंडाला धरून आली, इस्त्रीची साडी, ताठ मान.

आकडा चढला. लाख. मशीन गार. टायवाला उठून गोड आवाजात म्हणाला, "आता जरा बंद करून चालू करता का?" त्या रविवारची बातमी त्याला कुणी पोचवली, देव जाणे. मी म्हटलं, तुम्हीच करा. त्याच्याच बोटाने बंद करायला लावलं. आकडा शून्य. मग शे, हजार, दहा हजार, चढतोय, चढतोय. दोन-तीन मिनिटांत लाख. मिशीने मिशीतल्या मिशीत हसून घेतलं.

मला वाटलं जिंकले. तर अध्यक्षबाई म्हणाल्या, "टिकतात, हे दिसलं. पण हव्यात कशाला? दिवसभर नुसतं आहेस का, आहे. बटण दाबलं की यांची डबीही लाइन लावतेच. मग मधली पाव तासाची शांतता असली तर बिघडलं कुठे?"

आणि मी हुकले. किती वर्षं डोक्यात घोळवलेला मुद्दा, पण तोंडातून सेकंद, डेटाची पाकिटं, टक्के असलंच काहीतरी बाहेर पडत राहिलं. समितीतला एक जण घड्याळ बघायला लागला. मला रडू येईल की काय वाटलं, म्हणून आवाज चढवला. साहेबांनी डोळे मिटून घेतले.

तेव्हा मागून आवाज आला, "मी सांगते."

आत्या उभी होती. दादा तिला खाली बसवू बघत होता. तिने त्याचा हात झटकला.

"मी एकटी राहते. मी पडते," ती म्हणाली. "याला माहीत नाही, हिलाही माहीत नाही. चार-पाचदा पडलेय. बटण दाबलं, दर वेळी माणसं आली, मला उठवून गेली. त्या फोनवरच्या बाईला शपथ घातली, कुणाला सांगू नकोस."

दादाने डोकं हातात धरलं.

"या महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी बाथरूममध्ये पडले. बटण हातात घेतलं तर दिवा लाल. म्हटलं, आता दाबून उपयोग नाही. ओरडूनही नाही, खालचं बिऱ्हाड बाहेरगावी. मग ताकद जपली. टॉवेल ओढून अंगावर घेतला, दिवा बघत पडून राहिले. हिरवा झाला तसं दाबलं. आले लोक."

ती टायवाल्याकडे वळली.

"तुमच्या डबीचा दिवा पाव तासापूर्वी मिळालेल्या उत्तरावर चालतो ना? म्हणजे लाइन बंद असतानाही हिरवाच. मी दाबत बसले असते आणि कुणीतरी येतंय म्हणून थांबले असते. माझी ताकद त्या वाट बघण्यात गेली असती." मग अध्यक्षबाईंना म्हणाली, "नाही म्हणायचं असेल तर तोंडावर नाही म्हणा हो. खोटं 'हो' नको आम्हाला."

अध्यक्षबाईंनी टायवाल्याला विचारलं, हे खरं आहे का. तो बोलायला लागला आणि बराच वेळ बोलला. इतका वेळ, की उत्तर सगळ्यांना कळलं.

उघडी लाइन मंजूर झाली. लाख घरं. साहेब माझा हात हातात घेऊन हलवत राहिले. मला त्यांचं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मी तिला फरशीवर झोपवलं होतं. खुर्चीवर उभी राहून ओरडत होते तेव्हा ती तिथे ओल्या फरशीवर दिवा बघत होती. भिंतीच्या रंगावर मी पोट धरून हसले होते. कसली हुशार मी!

बाहेर हॅलोबाईला गाठून भांडले. "मला का नाही सांगितलंत?"

"त्या म्हणाल्या, तिला कळलं तर काम सोडून माझ्या उशाशी येऊन बसेल." हॅलोबाईचे डोळे भरलेले. "आणि तुम्ही बसला असता की नाही, सांगा."

२१ फेब्रुवारी

मिशीला सांगितलं, दुसरं मशीन लाव. त्याने ते आधीच मागवलेलं होतं. आणि दिवा लाल असताना दाबलेलं बटण डबीने लक्षात ठेवायचं, लाइन आली की आधी तेच कळवायचं, एवढं आज लिहून पुरं केलं. हे आधी सुचायला हवं होतं. मी त्या रविवारबद्दल काहीतरी बोलायला गेले, तर मिशी म्हणाला, "ताई, तो क्रमांक दोनचा स्क्रू जरा द्या." मी दिला.

२२ फेब्रुवारी, रविवार

दादा गाडी घेऊन आला. मी आधीच पोचले होते, आणि या वेळी मी त्याच्या बाजूने होते. लिहायला लाज वाटत नाही. मला भीती वाटत होती, साधी भीती. माळ्यावरची सूटकेस मीच काढली आणि तिच्या साड्या भरायला घेतल्या.

आत्या पलंगावर बसून बघत होती. "चुरगाळू नकोस," म्हणाली. "इतकी घाई कसली?"

"आत्या, जा त्याच्याकडे. चांगलं घर आहे, खालचा मजला आहे."

"तो नि सूनबाई सकाळी जातात ते दिवेलागणीला येतात. तिथेही दिवसभर मी एकटीच. फक्त भिंती ओळखीच्या नाहीत."

"पण पडलीस तर?"

"पडेन ना," ती म्हणाली. "परवा त्या सगळ्यांपुढे मी तोंड उघडलं ते कशासाठी, ठमे? माझं घर जाईल हे काय मला कळत नव्हतं? लाख म्हाताऱ्यांना आपल्या घरात राहता यावं म्हणून तू भांडलीस. मी तुझ्या बाजूने बोलले. आता त्या लाखांतून एकीला तूच उचलून न्यायला आलीस?"

दादा दारात उभा, किल्ल्या हातात. तिने त्याच्याकडे बघितलंच नाही, माझ्याकडेच बघत होती. आणि मला दिसलं की ती घाबरलेली आहे. मी जितकी, तितकीच. तरीही तिला इथेच राहायचं आहे, घाबरून का होईना.

मी साड्या एकेक करून कपाटात परत ठेवल्या. रिकामी सूटकेस उचलून माळ्यावर ढकलली. मग बाथरूममध्ये भिंतीला धरायचा दांडा कुठे बसवायचा ते बघायला गेले, कारण नुसत्या हिमतीने कुणी उभं राहत नाही.

दादा मागोमाग आला. रडवेला झाला होता. "तू पण? अगं, उद्या काही झालं तर?"

"होईल, दादा. काहीतरी होणारच आहे कधीतरी," मी म्हटलं. "झालं की कळेल आपल्याला. तुला, मला, दोघांना, त्याच क्षणी. फोन दे तुझा इकडे, तुझा नंबर तिच्या लाइनीला जोडते."

त्याने फोन माझ्या हातात दिला आणि दांड्यासाठी भिंतीवर खूण करायला पेन्सिल मागितली.